कंपवात आणि त्वचेची साक्ष

जेम्स पार्किन्सन या लंडनच्या वैद्याने 1817 साली कंपवातावर आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. सहा रोग्यांच्या आधारावर तो उभा होता. त्यांतील काहींना तर त्याने केवळ रस्त्यातून जातानाच पाहिले होते. रस्त्यातून जे दिसते ते साहजिकच त्यात आले: हातांचा कंप, वाकलेले शरीर, घाईची चाल. त्वचेकडे लक्ष जायला आणखी एक शतक लागले.

1917 साली व्हिएन्नाच्या फॉन इकॉनोमोने निद्रारोगाच्या विचित्र साथीचे वर्णन केले. त्या साथीतून वाचलेल्या अनेकांना पुढे कंपवाताची लक्षणे जडली आणि त्यांचे चेहरे तेलकट, चकचकीत दिसू लागले. जर्मन वैद्य त्याला ‘मलमाचा चेहरा’ म्हणू लागले. भुवया, नाकाच्या कडा आणि डोके यांवर खवले धरतात, खाज सुटते. लोक त्याला अस्वच्छता समजतात आणि रोगी ओशाळतो. वास्तविक दोष त्याचा नव्हे. ज्या स्वायत्त नाड्या घाम, लाळ यांचे नियमन करतात, त्याही या रोगात बिघडतात.

पुढे लेव्होडोपा आले. 1967 साली कोट्झियासने ते मोठ्या मात्रेत देऊन आश्चर्यकारक गुण दाखविला. पण त्वचेचे काळे रंगद्रव्य डोपापासूनच बनते. तेव्हा या औषधाने मेलॅनोमा हा कर्करोग होतो की काय, अशी शंका 1972 च्या सुमारास निघाली आणि औषधाच्या माहितीपत्रकांत तशी सूचनाही छापली गेली. डेन्मार्कमधील नोंदी तपासल्यावर मात्र असे दिसले की, हा कर्करोग निदानाच्या आधीपासूनच, म्हणजे औषधाचा एक कणही पोटात जाण्यापूर्वी, अधिक आढळतो. संबंध रोगाशी आहे. औषधावरचा आरोप टिकला नाही. म्हणून भीतीने गोळी सोडू नये. तीळ मात्र तपासून घ्यावेत.

शेवटची साक्ष एका पत्नीची. स्कॉटलंडच्या जॉय मिल्न या परिचारिकेला पतीच्या अंगाचा वास निदानाच्या कितीतरी वर्षे आधी पालटल्याचे जाणवले होते. एडिंबरोत त्यांना वापरलेले सदरे हुंगावयास दिले. सर्व रोगी त्यांनी ओळखले. शिवाय एका निरोगी माणसालाही रोगी म्हटले. परीक्षकांनी ती चूक धरली. काही महिन्यांनी त्या माणसालाही हाच रोग असल्याचे निदान झाले! 2019 साली मँचेस्टरच्या शास्त्रज्ञांनी पाठीवरच्या तेलात त्या वासाची द्रव्ये शोधली.

ज्या तेलाची रोग्याला लाज वाटली, तेच तेल उद्या त्याला वेळेवर सावध करील, अशी आशा आज बाळगता येते. तोवर घरच्यांनी एवढे करावे: त्या चेहऱ्याला नावे ठेवू नयेत, त्याला वैद्याकडे न्यावे.