सातपाटीचा रुग्ण, परळची नोंद : कर्करोग नोंदणीतील माहिती-जोडणीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
सातपाटी हे पालघर तालुक्यातील मासेमारीचे जुने बंदर. त्याच्या उत्तरेस तारापूर अणुविद्युत केंद्र (1969) व बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहत आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्ये या वसाहतीचा समावेश अतिप्रदूषित क्षेत्रांत केला. अशा परिसरात 'येथे कर्करोग अधिक आहे काय?' हा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे. या प्रश्नाचे उत्तर केवळ रुग्णालयातील रुग्णसंख्येवरून का देता येत नाही, याचा ऐतिहासिक शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

नोंदणीची परंपरा :
परळ येथे 1941 मध्ये टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तथापि, रुग्णालयात आलेले रुग्ण मोजणे आणि लोकसंख्येतील रोगाचे प्रमाण मोजणे या दोन भिन्न बाबी होत. दुसऱ्या कार्याचा भारतातील प्रारंभ मुंबईत झाला. डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने 1963 मध्ये देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी स्थापन केली. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम हाती घेतला. 1987 मध्ये बार्शी येथे ग्रामीण नोंदणी सुरू झाली. रुग्ण स्वतःहून रुग्णालयात येईल हे गृहीत न धरता तेथील कार्यकर्ते गावोगाव जाऊन चौकशी करीत, हे तिचे वैशिष्ट्य होय.

जोडणीचे स्वरूप :
नोंदणी कर्मचारी रुग्णालये, विकृतिशास्त्र प्रयोगशाळा आणि मृत्यूनोंद कार्यालये येथून माहिती गोळा करतात. एकच रुग्ण तिन्ही ठिकाणी आढळल्यास त्याची नोंद एकदाच व्हावी, यासाठी नाव, वय, पत्ता व रोगाचे स्थान ताडून पाहावे लागते. मृत्यू दाखल्यावर कर्करोग नमूद असून अन्यत्र नोंद नसेल, तर रुग्णाचा मागोवा घ्यावा लागतो. अशा नोंदींचे प्रमाण वाढले की नोंदणी अपुरी आहे, असे समजले जाते.

सातपाटीच्या संदर्भात हे कार्य विशेष कठीण ठरते. मेहेर, पाटील, तांडेल अशी आडनावे किनाऱ्यावरील अनेक घरांत आढळतात. वडिलांचे नाव एका कागदावर असते, दुसऱ्यावर नसते. शिवाय 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. तत्पूर्वीच्या कागदांवर त्याच घराचा जिल्हा 'ठाणे' असा आहे. उपचारासाठी परळला गेलेला रुग्ण तेथील नातेवाइकांचा पत्ता देतो, तेव्हा तो मुंबईचा रहिवासी ठरण्याचा संभव असतो. मूळ पत्ता दिल्यास, मुंबईची नोंदणी केवळ बृहन्मुंबईच्या रहिवाशांची असल्याने, तो तिच्या गणनेत येत नाही. पहिल्या प्रकारात मुंबईचा आकडा फुगतो. दुसऱ्यात, गावाच्या नोंदणीपर्यंत माहिती न पोहोचल्यास, रुग्ण निसटतो.

व्यापक संदर्भ :
डेन्मार्कमध्ये राष्ट्रीय कर्करोग नोंदणी 1942 पासून आहे. तेथे 1968 मध्ये प्रत्येक नागरिकास क्रमांक मिळाला व रुग्णालय, मृत्यू आणि व्यवसायविषयक नोंदी परस्परांशी जोडणे सुलभ झाले. भारतात 2021 मध्ये आयुष्मान भारत डिजिटल अभियान सुरू झाले. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 मधील 2023 च्या सुधारणेने राष्ट्रीय पातळीवरील माहितीसाठ्याची तरतूद केली. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतही उपचारांच्या नोंदी साठतात. मात्र या नोंदी मूलतः खर्चाच्या प्रतिपूर्तीसाठी असल्याने निदानाची तारीख व पेशीविकृतीचा प्रकार यांसाठी प्रयोगशाळेच्या अहवालाचाच आधार घ्यावा लागतो.

गोपनीयतेचा प्रश्नही दुय्यम नाही. लहान गावात वय, लिंग व रोग एवढ्यावरूनही व्यक्ती ओळखता येते. म्हणून जोडणीपुरती ओळख वापरून संशोधकास नाव वगळलेली माहितीच देणे आवश्यक आहे.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, संगणकीय क्रमांकाने जोडणी सुकर होईल. परंतु मूळ नोंदीतील चूक तो क्रमांक दुरुस्त करणार नाही. ज्याचे निदानच झाले नाही, तो रुग्ण कोणत्याही साठ्यात नसतो. त्याच्यापर्यंत बार्शीच्या पद्धतीनेच पोहोचावे लागेल. गाव, वास्तव्याचा कालावधी व व्यवसाय यांची अचूक नोंद झाली, तरच सातपाटीतील भीती साधार की निराधार, हे तपासता येईल. तोपर्यंत 'येथे धोका आहे' आणि 'येथे धोका नाही' ही दोन्ही विधाने सारखीच अपुरी ठरतात.