कोलिनेस्टरेज आणि नैराश्य

कोलिनेस्टरेज : मज्जासंस्थेत व रक्तात आढळणारे विकर (एन्झाइम). मज्जातंतूंमधील ॲसिटिलकोलीन या संदेशवाहक द्रव्याचे विघटन करणे हे त्याचे कार्य. रक्तात ते तांबड्या पेशींत व रक्तद्रवात अशा दोन रूपांत आढळते. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशके त्याला निकामी करतात. मग घाम व लाळ वाढते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, श्वास कोंडतो. ॲट्रोपिन हा त्यावरील प्रमुख उतारा.

यवतमाळ जिल्ह्यात 2017 च्या खरिपात पुरुषभर वाढलेल्या कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली. 20 हून अधिक जण दगावले. त्यामुळे या विकराच्या तपासणीची निकड ठळक झाली.

कीटकनाशकांची विषबाधा झालेल्यांत नैराश्याची लक्षणे अधिक आढळल्याचे अमेरिकेतील शेतकऱ्यांच्या अभ्यासांत दिसले. मात्र विकराची घटलेली पातळी विषाचा संपर्क सुचवते, नैराश्य सिद्ध करत नाही. रक्तबिंबिकांतील मोनोअमाइन ऑक्सिडेज या दुसऱ्या विकराचाही नैराश्याचे सूचक म्हणून अभ्यास झाला. परंतु कोणतेही विकर निदानाची खात्रीशीर कसोटी ठरलेले नाही. झोप, भूक, उमेद आणि मरणाचे विचार यांविषयी आपुलकीने केलेली विचारपूस हाच निदानाचा पाया. 2015 साली सुरू झालेला राज्याचा ‘प्रेरणा प्रकल्प’ याच वाटेने शेतकऱ्यांपर्यंत समुपदेशन पोहोचवतो.