वर्ध्याचा चरखा आणि घरची दुरुस्ती

वर्धा जिल्ह्यातील खादीच्या इतिहासात सुताइतकेच महत्त्व सूत काढणाऱ्या साधनाच्या दुरुस्तीला आहे. विनोबा भावे 8 एप्रिल 1921 रोजी वर्ध्याला आले. डिसेंबर 1934 मध्ये तेथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि 1936 मध्ये गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला गेले. या काळात चरखा अशा घरांत पोहोचत होता, जिथे कारागिराला बोलावणे परवडणारे नव्हते. चरखा थांबला की त्या दिवसाची मजुरी बुडे. म्हणून यंत्र किती सूत काढते याबरोबरच ते बिघडल्यावर कोणाला दुरुस्त करता येते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला.

हा विचार सर्वांत स्पष्टपणे मांडला गेला तो 1929 मध्ये. अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. आठ तासांत 12 ते 20 नंबरचे 16,000 फूट सूत निघावे आणि यंत्राची किंमत 150 रुपयांपेक्षा जास्त नसावी, अशा अटी होत्या. त्यांच्या जोडीला आणखी दोन अटी होत्या आणि त्या अधिक दूरदृष्टीच्या म्हणाव्या लागतील. वेळच्या वेळी निगा राखल्यास यंत्र निदान वीस वर्षे चालले पाहिजे, आणि निगेचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाता कामा नये. देखभालीच्या खर्चाला विक्रीआधीच मर्यादा घालणारी अशी अट आजही क्वचित दिसते. स्पर्धेसाठी किर्लोस्करवाडीहूनही एक यंत्र आले होते. बक्षीस मात्र कोणालाच मिळाले नाही.

घरोघर राहिला तो साधाच चरखा. पुढे त्यात येरवडा तुरुंगात गांधीजींनी सुधारलेल्या पेटीचरख्याची भर पडली. लाकूड, चाकाची गती पुढे नेणारी सुती माळ आणि सुताला पीळ देणारी लोखंडी चाती एवढ्याच चरख्याच्या मुख्य वस्तू. बहुतेक बिघाड चातीचा किंवा माळेचा असे. चाती किंचित वाकली तरी फिरताना तिचे टोक थरथरते आणि धागा वारंवार तुटतो. दोष शोधायला डोळे आणि बोटे पुरत. चाती हळूहळू फिरवून टोक कुठे हलते ते पाहायचे, फुगीर बाजू वर करून ऐरणीवर ठेवायची आणि हलक्या हातोडीने ठोकायची. जोराचा एक घाव घातला तर ती उलट बाजूला वाकते. माळेची गाठ जाड राहिली, तर चातीवरून जाताना प्रत्येक फेरीला धक्का बसतो आणि सुताला पीळ कमीजास्त पडतो. म्हणून गाठ बारीक ठेवावी लागे. माळ सैल पडली की चाक फिरते, पण चाती मागे राहते.

ही जाण शाळेतही आली. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्याला राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या झाकिर हुसेन समितीने हस्तोद्योगाभोवती गुंफलेल्या शिक्षणाचा आराखडा दिला आणि नई तालीम ही शिक्षणपद्धती सुरू झाली. हात चालवताना प्रत्येक क्रियेचे कारणही मुलाला कळले पाहिजे, असा गांधीजींचा आग्रह होता. मोठे चाक एकदा फिरले की चाती किती वेळा फिरते, हे मोजताना गणित येते. ती गती का कमी झाली हे शोधताना दुरुस्ती येते. 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींच्या हस्ते वर्ध्यात मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. चरखाशास्त्राचा पाया घालणाऱ्या मगनलाल गांधींचे नाव त्याला दिले गेले. ग्रामोद्योगाची साधने लोकांनी पाहून समजून घ्यावीत, हा त्यामागचा हेतू होता.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. तमिळनाडूतील एकंबरनाथ यांच्या अंबर चरख्याला 1950 च्या दशकात सरकारी पाठबळ मिळाले. चार चात्यांमुळे उत्पादन वाढले, पण रूळ आणि दातेरी चाके आली. झिजलेले दातेरी चाक घरी घडवता येत नाही. ते नेमक्या मापाचे विकतच आणावे लागते. उत्पादनासाठी हा बदल आवश्यकच होता, पण दुरुस्ती घरातून कार्यशाळेत गेली ती तेव्हाच. पुढे वर्ध्याच्या महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेने सौर चरख्यावर काम केले. त्यात पॅनेल, बॅटरी आणि मोटार आली, म्हणजे चरख्याच्या दुरुस्तीत विजेचे काम शिरले.

इथे चरखा आणि लॅपटॉप एकाच प्रश्नापाशी येतात: बिघडल्यावर ते कोणाला दुरुस्त करता येते? लॅपटॉपच्या मदरबोर्डावर तांदळाच्या दाण्याहूनही लहान कपॅसिटर शॉर्ट झाला, तर वीज थेट ग्राउंडकडे वळते आणि लॅपटॉप सुरूच होत नाही. मल्टिमीटरने शॉर्ट झालेली लाइन सापडते, गरम हवेच्या गनने खराब भाग काढता येतो, त्याच मूल्याचा दुसरा बसवता येतो. हात बसला की हे काम घरीही जमते. अडते ते सर्किटच्या नकाशापाशी आणि सुट्या भागापाशी, कारण हे दोन्ही बहुधा उत्पादकाच्याच ताब्यात असतात. केंद्र सरकारने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि 24 डिसेंबर 2022 रोजी त्यासाठीचे पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे त्यासाठी निवडली आहेत.