एक चूल, दोन सुना

घरात दोन सुना आणि चूल एकच, असा प्रसंग आला की खरी परीक्षा सासूची असते. गाणे ऐकण्याच्या यंत्रांच्या इतिहासातही अशी एक चूल पेटलेली आहे. चूल म्हणजे कर्ण्यांची, आजच्या बोलीत स्पीकरची, एक जोडी. थोरली सून व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर आणि धाकटी ट्रान्झिस्टरचा.

थोरलीचे घराणे जुने. लंडनला फ्लेमिंगने १९०४ साली पहिला व्हॉल्व्ह केला. दोन वर्षांनी अमेरिकेत ली डी फॉरेस्टने तशाच काचेच्या फुग्यात तिसरा अवयव बसवला आणि पुढे त्यातूनच क्षीण आवाज बळकट करण्याची किमया माणसाच्या हाती आली. धाकटी जन्मली डिसेंबर १९४७ मध्ये, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत. गंमत अशी की, त्याच वर्षीच्या एप्रिलात विल्यमसन नावाच्या इंजिनिअरने 'वायरलेस वर्ल्ड' या इंग्रजी मासिकात व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचा असा काही आराखडा छापला होता की, जगभरचे हौशी लोक तो घरी बांधू लागले. थोरली ऐन भरात आली आणि त्याच साली सवत जन्मली म्हणा ना!

दोघींचे स्वभाव मात्र भिन्न. व्हॉल्व्हची वीज उंच टाकीतून पडणाऱ्या बारीक धारेसारखी: दाब मोठा, प्रवाह थोडा. स्पीकरला हवा असतो पाटाच्या पाण्यासारखा सखल पण भरपूर प्रवाह. म्हणून मध्ये ट्रान्सफॉर्मर घालावा लागतो. तो जड, महाग आणि गुंडाळायला किचकट. ट्रान्झिस्टरला बहुधा त्याची गरज नसते; तो सरळ स्पीकरशी बोलतो. शिवाय थोरली तापायला वेळ घेते. आजोबांचा रेडिओ लावला की बातम्यांआधी अर्धा मिनिट तो नुसताच पिवळा डोळा उघडून बसायचा, ते मला आठवते. धाकटी कळ दाबताच हजर.

या स्वभावांमुळेच एका चुलीवर दोघींना एकदम आणता येत नाही. दोन्ही यंत्रांच्या तारा एकत्र जोडल्या, तर एकीची वीज दुसरीच्या अंगात शिरते. आळीपाळीने जोडावे, तर गाणे चालू असताना व्हॉल्व्हवालीचा स्पीकर काढून घेणे धोक्याचे. ट्रान्सफॉर्मरमधली शक्ती जायला वाट न मिळाल्याने दाब उसळतो आणि आतले आवरण जळू शकते. ट्रान्झिस्टरवालीला रिकामे बसणे चालते, पण तारेला तार चिकटलेली खपत नाही. म्हणून जाणता कारागीर दोन्ही तारा तोडून मगच दुसरीकडे जोडणारा स्विच घालतो आणि थोरलीच्या पदरात कायमचा एक रोधक, म्हणजे रेझिस्टर, बांधून ठेवतो.

आता सासूकडे वळू. पीटर वॉकर हा 'क्वाड' यंत्रांचा कर्ता, कारखाना हंटिंग्डनला. त्याचा व्हॉल्व्हचा 'क्वाड टू' १९५३ चा, ट्रान्झिस्टरचा '३०३' १९६७ चा आणि '४०५' १९७५ चा. जुन्याचा आवाज गोड, नव्याचा कोरडा, अशी रसिकांत भांडणे चालू होती. वॉकरचे म्हणणे असे की, यंत्र नीट बांधलेले असेल आणि ताकदीबाहेर राबवले नसेल, तर कानाला फरक कळणारच नाही. जेम्स मॉयर या ध्वनितज्ज्ञाने परीक्षा घेतली आणि १९७८ साली 'वायरलेस वर्ल्ड'मध्येच तिचा वृत्तान्त छापला. तिन्ही यंत्रांचा आवाज मोजून सारखा केला होता. कोणते चालू आहे, हे ऐकणाऱ्यांना ठाऊक नव्हते.

या व्यापाऱ्याचे मला मोठे नवल वाटते. परीक्षा त्याच्या मनासारखी झाली, तर त्याचा नवा माल पंचवीस वर्षांपूर्वीच्या जुन्यापेक्षा कानाला सरस नाही, हेच सिद्ध व्हायचे! उलट झाली, तर शब्द खोटा पडायचा. दुकानदार सहसा अशा पैजेच्या वाटेला जात नाही.

निकाल वॉकरसारखाच लागला. ऐकणाऱ्यांची उत्तरे अंदाजपंचे छाप-काटा करण्याहून वेगळी ठरली नाहीत. मात्र हा निकाल त्या तीन यंत्रांचा. सगळेच व्हॉल्व्ह इतके सालस नसतात. काहींचा स्पीकरवरचा ताबा सैल असतो. मग एखादा सूर फुगतो, एखादा दबतो, आणि तो फरक चांगल्या कानाला खरोखर कळतो.

भांडण काही मिटले नाही. वॉकर २००३ साली वारला. त्यानंतर त्याच क्वाडच्या नावाने व्हॉल्व्हची नवी यंत्रे बाजारात आली आणि गिऱ्हाइकांनी ती हौसेने घेतली.