बाराव्या लेण्यातला पावसाळा

सोयगाव तालुक्यातल्या फर्दापूरहून लेण्यांची बस धरा. अजिंठ्याला पोचलात की पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीपाशी रेंगाळू नका. दहावं चैत्यगृह मागे टाका आणि बाराव्या लेण्यात शिरा. चित्रांच्या ओढीने आलेली गर्दी इथे फारशी थांबत नाही. तुम्ही मात्र थांबा, आणि दोन हजार वर्षं मागे चला.

आषाढी पौर्णिमा होऊन गेली आहे. खाली वाघूर दुथडी भरून वाहते आहे. आश्विनातल्या पौर्णिमेपर्यंत भिक्खूंचं फिरणं बंद, कारण पावसात रुजलेले कोंब आणि किडामुंगी पायाखाली चिरडली जाते. तीन महिने मुक्काम एकाच जागी. हाच वर्षावास.

मधल्या दालनाच्या तीन बाजूंना चार-चार खोल्या आहेत, प्रत्येकीत दोन दगडी ओटे. त्यातला एक तुमचा. त्यावर हात फिरवलात तर छिन्नीचे घाव बोटांना लागतात. समोरच्या ओट्यावर एक वयस्कर भिक्खू आपलं सामान मांडतो आहे: अंगावरची धरून तीन चीवरं, भिक्षापात्र, कंबरेचा पट्टा, वस्तरा, सुई आणि पाणी गाळायचं फडकं. संपला संसार.

पात्र मातीचं आहे. काठाला तडा गेलाय आणि तो सांधलेला आहे. नवं का घेत नाही, असं तुम्ही विचारता. “आवुसो, अजून पाच सांधे झाले नाहीत,” तो सहज सांगतो. विनयाचा, म्हणजे भिक्खूंच्या आचारसंहितेचा, नियमच तसा आहे: पाच ठिकाणी सांधल्याशिवाय नवं पात्र मागायचं नाही, आणि जास्तीचं मिळालंच तर दहा दिवसांवर जवळ ठेवायचं नाही.

मग तो कोसंबीच्या उदेन राजाची गोष्ट सांगतो. राण्यांनी बुद्धाचा शिष्य आनंद याला पाचशे वस्त्रं दान दिली. राजाने खोचकपणे विचारलं, एवढ्यांचं करणार काय? आनंद म्हणाला, ज्यांची चीवरं विरलीत त्यांना वाटू. विरलेल्यांचं काय? त्यांचे पलंगपोस होतील, जुन्या पलंगपोसांच्या गाद्यांच्या खोळी, खोळींची जमिनीवरची अंथरुणं, अंथरुणांची पायपुसणी, पायपुसण्यांची झटकणी. आणि झटकणी फाटली की कुटून चिखलात कालवायची आणि जमीन सारवायची. राजाने आणखी पाचशे वस्त्रं दिली.

मला या गोष्टीतला हिशेब मनापासून आवडतो. इथे त्यागाचं कौतुक कुठेच नाही. हातात आलेली वस्तू तिचा शेवटचा धागा मातीत जाईपर्यंत वापरायची, एवढंच. जो असा वापरतो त्याला नव्याची हाव धरायला सवड कुठून मिळणार?

सकाळी त्याच्यामागून तुम्ही कातळातल्या पायऱ्या उतरता आणि वस्तीवर जाता. दारात उभं राहायचं, मागायचं काही नाही. एक बाई भरडलेल्या धान्याची पेज पात्रात ओतते. दुसऱ्या घरी काहीच मिळत नाही, पाऊस लांबला तर तिथल्या बाईच्याच चुलीची पंचाईत आहे. मिळालं ते माध्यान्हीच्या आत खायचं, उद्यासाठी राखायचं नाही.

थोडक्यात भागवणाऱ्याचं जगणं दुसऱ्यांच्या कष्टांवर उभं असतं, ही गोष्ट इथे कोणी लपवत नाही. तुम्ही राहता ते लेणंसुद्धा दानाचंच आहे. घनामदड नावाच्या व्यापाऱ्याने ते दिलं, असं भिंतीवर ब्राह्मीत कोरलेलं आहे. काही शतकांनी याच कड्यात वाकाटक सम्राट हरिषेणाचा मंत्री वराहदेव सोळावं लेणं कोरवून घेईल, रंग आणि नक्षी येईल. या ओट्यांची लांबी-रुंदी मात्र एका निजलेल्या देहाएवढीच राहील.

पौर्णिमा उलटते, पाऊस ओसरतो. गावकरी संघाला कठिनाचं, म्हणजे वर्षावासानंतरच्या चीवराचं, कापड देतात. ते त्याच दिवशी कापून, शिवून, रंगवून चीवर पुरं करायचं असतं, म्हणून थोर-लहान सगळेच कामाला बसतात. तुमच्याही हाती सुई येते. हे चीवर कोणाला द्यायचं ते संघ आधीच ठरवून बसलाय: ज्याचं सगळ्यात जास्त विरलंय त्याला. तुमच्या समोरच्या ओट्यावरचा म्हातारा नको नको म्हणत मान हलवतो. त्याचं जुनं अजून अंथरायच्या कामाचं आहे, असं त्याचं म्हणणं.