तहनिशान आणि कोफ्तगिरी

बंदुकीच्या पोलादावर कोरलेल्या अक्षरांत आज हौशी मनुष्य घरबसल्या रंग भरतो आणि वरचा रंग पुसून खाचेतला तेवढा राखतो. परंतु खोदलेल्या रेषेला उठाव देण्याची ही इच्छा फार जुनी असून, पंजाबातील सियालकोट व गुजरात या नगरांच्या कारागिरांनी तिला सोन्याच्या तारेने जे वैभव दिले ते विलक्षण होय. त्यांच्या दोन रीतींपैकी तहनिशानात छिन्नीने खोल चर पाडून, तो तळाशी किंचित रुंद ठेवून, त्यात तार ठोकून बसवीत. कोफ्तगिरीत मात्र पोलादावर आडव्याउभ्या सूक्ष्म रेघा ओढून, त्या खरखरीत अंगावर तार हातोडीने चेपीत, पोलाद तापवीत, पुन्हा ठोकीत आणि अखेर गुळगुळीत दगडाने घोटून झळाळी आणीत. पहिली रीत अधिक टिकाऊ आणि, माझ्या मते, अधिक निष्ठेची. १८४९ साली लाहोरचे राज्य खालसा होऊन शस्त्रांची मागणी ओसरली, १८७८ च्या कायद्याने सामान्य हिंदी माणसास परवान्यावाचून हत्यार बाळगणे गुन्हा ठरले, आणि तोड्याच्या बंदुका मढविणारे हात साहेबलोकांसाठी पेट्या व तबके मढवू लागले.