आतला हिशेब कुणाचा?

अमेरिकेत 'कम्युनिटी कॉलेज' नावाचा प्रकार असतो. नाव ऐकून समाजमंदिराशेजारचे शिवणकामाचे वर्ग डोळ्यासमोर येतील, पण ते तसं नाही. ही सरकारी मदतीवर चालणारी दोन वर्षांची कॉलेजं. शाळा पूर्ण केलेल्या जवळपास कुणालाही प्रवेश, फी बेताची, वर्ग संध्याकाळीसुद्धा. दिवसा दुकानात, गोदामात, दवाखान्यात राबणारी माणसं तिथं शिकतात. दोन वर्षं झाली की पुढं मोठ्या विद्यापीठात पदवी पुरी करता येते. तिथं कॉमर्सच्या बाजूला गेलेल्याला सुरुवातीला दोन पेपर हमखास असतात. पहिला फायनान्शियल अकाउंटिंग, दुसरा मॅनेजरियल अकाउंटिंग.

आज या दुसऱ्या पेपराचा इतिहास सांगतो. पत्रकाराला हे कुठून सुचलं, असं म्हणाल. जरा धीर धरा, हा रस्ता शेवटी आपल्या उसाच्या बिलाकडे येतो.

दोन पेपरांतला फरक साधा आहे. पहिला हिशेब बाहेरच्यांसाठी असतो. बँक, आयकर खातं, शेअर घेणारा माणूस. नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद, कायद्यानं ठरवलेल्या नमुन्यात, ऑडिटरची सही घेऊन. दुसरा हिशेब आतल्यांसाठी. एक नग बनवायला नेमके किती पडले? त्यातला कोणता खर्च माल बनवला तरच होतो आणि कोणता कुलूप लावून बसलं तरी होतो? हे काम आपण करावं की बाहेरून करून घ्यावं? हा हिशेब चालवणाऱ्याला निर्णय घेता यावा म्हणून असतो. तो बाहेर दाखवायचा नसतो. जन्मापासूनच तो गुपित आहे.

इंग्लंडमध्ये जोसाया वेजवुड नावाचा एक कुंभार होता. कुंभार म्हणजे राजघराण्याला कपबशा पुरवणारा मोठा कारखानदार. १७७२ मध्ये तिकडे पतपुरवठ्याचं संकट आलं, बाजार बसला, माल पडून राहिला. तेव्हा हा गडी वह्या घेऊन बसला. मातीपासून भट्टीपर्यंत एकेका भांड्यावर काय खर्च होतो ते त्यानं मांडलं. त्यातून त्याला कळलं की साचे, भाडं, कारकुनांचे पगार हे खर्च घड्याळाच्या काट्यासारखे चालूच राहतात. माल शंभर नग निघो की हजार. मग जास्त माल काढून, भाव उतरवून, श्रीमंतांऐवजी मध्यमवर्गाला विकलं तर प्रत्येक नगावर बसणारा तो बोजा हलका होतो. आणखी एक गोष्ट कळली. मुख्य कारकून पैसे खात होता. अडीचशे वर्षांपूर्वीचा हा प्रसंग वाचताना मला आपल्या दोनचार पतसंस्था आठवल्या, पण तो विषय आज नको.

पुढं ही विद्या अमेरिकेत मोठी झाली. आधी कापडगिरण्या, मग रेल्वे. रेल्वेत शेकडो मैलांवर खर्च होतो, मालक सगळीकडे उभा राहू शकत नाही, म्हणून एक टन माल एक मैल न्यायला किती पडतात असा हिशेब निघाला. लुईव्हिल आणि नॅशव्हिल रेल्वेतल्या अल्बर्ट फिंक यानं १८७० च्या दशकात तो फार बारकाईनं मांडला. अँड्र्यू कार्नेगी मूळचा रेल्वेतला माणूस. तो पोलादात उतरला तेव्हा हीच सवय घेऊन गेला. त्याच्या कारखान्यात प्रत्येक विभागाचा टनामागचा खर्च कागदावर यायचा. कोळसा किती, लोखंड किती, मजुरी किती. गेल्या महिन्यापेक्षा वाढला की विभागप्रमुखाला जाब. मंदी आली की कार्नेगी भाव पाडून ऑर्डरी उचलायचा, कारण आपण किती खाली जाऊ शकतो हे त्याला ठाऊक असायचं. समोरच्याला स्वतःचा आकडाच माहीत नसायचा. मजुरांना तर हे कागद दिसण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या घामाचा टनामागे हिशेब व्हायचा, पण तो त्यांच्यासाठी नव्हता.

याच काळात एक वेगळं काम झालं, ज्याची चर्चा फार होत नाही. मिनेसोटा विद्यापीठात विलेट हेज नावाचे शेतीचे प्राध्यापक होते. १९०२ पासून त्यांनी केंद्रीय शेती खात्याबरोबर शेतकऱ्यांच्या खर्चाच्या नोंदी सुरू केल्या. एक नोंदणारा माणूस ठरलेल्या शेतांवर रोज फेरी मारायचा. आज कुणी किती तास नांगरलं, घोडे किती तास जुंपले, वैरण किती गेली, घरच्या बाईनं किती वेळ दिला. रोज. घोड्याच्या एका तासाची किंमत काय, हा प्रश्न शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन विचारला गेला.

वर्गात हा विषय यायला पहिलं महायुद्ध सरावं लागलं. १९१९ मध्ये अमेरिकेतल्या कॉस्ट अकाउंटंट मंडळींनी आपली संघटना काढली. शिकागो विद्यापीठात जेम्स मॅकिन्झी नावाचा प्राध्यापक होता, मिसुरी राज्यातल्या एका खेड्यात १८८९ मध्ये जन्मलेला. होय, ज्या सल्लागार कंपनीचं नाव आपल्या पेपरात अधूनमधून येतं ती काढणारा हाच, १९२६ मध्ये. त्याआधी १९२४ मध्ये त्यानं पुस्तक लिहिलं, नाव 'मॅनेजरियल अकाउंटिंग'. जमाखर्च लिहायला शिकवण्यापेक्षा त्यातून निर्णय कसा घ्यायचा हे शिकवावं, असा त्याचा रोख होता. त्याच विद्यापीठातले जॉन मॉरिस क्लार्क यांनी एक वर्ष आधी वरखर्चावर मोठा ग्रंथ लिहिला होता. त्यातली एक गोष्ट अजून शिकवतात. खर्चाचा एकच खरा आकडा नसतो, प्रश्न बदलला की खर्चही बदलतो.

पण शिकागो म्हणजे निवडक मुलांचं विद्यापीठ. सामान्यांच्या वर्गाची गोष्ट निराळी. १९०१ मध्ये शिकागोजवळच्या जोलिएट गावात हायस्कूललाच जोडून कॉलेजची पहिली दोन वर्षं सुरू झाली. सहा विद्यार्थी होते. याला तेव्हा ज्युनिअर कॉलेज म्हणत. दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटलं. १९४४ च्या कायद्यानं परतलेल्या सैनिकांना शिक्षणाचा खर्च मिळाला आणि १९४७ च्या सुमारास कॉलेजातला जवळपास निम्मा विद्यार्थी माजी सैनिक होता. त्याच वर्षी अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगानं सांगितलं की शाळेनंतरची दोन वर्षं सगळ्यांना मोफत असावीत आणि त्यासाठी गावोगाव कम्युनिटी कॉलेजं काढावीत. मोफतचं पुरतं जमलं नाही. कॉलेजं मात्र निघाली, साठच्या दशकात तर शेकड्यांनी. आणि कार्नेगीच्या कपाटातला तो कागद संध्याकाळच्या वर्गात फळ्यावर आला. ज्याच्या मजुरीचा हिशेब होत होता त्याचाच नातू आता तो करायला शिकत होता.

तिथं शिकवतात काय? आपल्या भाषेत सांगतो, आकडे समजुतीपुरते. एका बचत गटाचं पापडाचं काम आहे. जागेचं भाडं, यंत्राचा हप्ता वगैरे मिळून महिन्याला १०,००० रुपये, पापड लाटा न लाटा. शिवाय डाळ, मसाला, मजुरी, पिशवी धरून किलोला १६० रुपये. विक्री २०० रुपयांनी. म्हणजे दर किलोमागे ४० रुपये त्या दहा हजारांकडे जातात. २५० किलो विकले की ना नफा ना तोटा. आता तेवढे विकून झालेत, यंत्र रिकामं आहे आणि एक व्यापारी म्हणतो, १८० नं १०० किलो द्या. गटाची अध्यक्षा वही बघते. २५० किलोवर सगळा खर्च वाटला तर किलोला २०० पडलेत. १८० नं दिले तर वीस रुपयांचा तोटा! नाही म्हणून टाकते. खरं तर भाडं आणि हप्ता आधीच निघालाय, त्या १०० किलोवर खर्च फक्त १६० नं होणार, हातात २,००० रुपये उरणार. वेजवुडला कळलं ते हेच. मात्र उद्या नेहमीचं गिऱ्हाईकही १८० मागायला लागलं तर? तेव्हा उत्तर उलटं होतं, कारण किलोमागे २० च सुटले तर तेच दहा हजार निघायला ५०० किलो विकावे लागतील. अशी गणितं तिथं चार महिने करून घेतात.

सगळं गोड आहे असंही नाही. १९८७ मध्ये जॉन्सन आणि कॅप्लन या दोन प्राध्यापकांनी पुस्तक लिहून या विषयाचीच हजेरी घेतली. बाहेरच्यांना दाखवायच्या हिशेबाच्या तालावर आतला हिशेब नाचू लागलाय आणि त्यामुळे तो निर्णयाच्या कामाचा राहिलेला नाही, असं त्यांचं म्हणणं.

आता आपल्याकडे या. मुंबईचं सिडनहॅम कॉलेज १९१३ चं, कॉमर्सचं आशियातलं पहिलं. कॉस्ट अकाउंटंटांची संस्था १९४४ मध्ये स्थापन झाली, १९५९ मध्ये तिला स्वतंत्र कायदा मिळाला. बी.कॉम.ला कॉस्टिंग आता तालुक्याच्या कॉलेजातही शिकवतात. शेतीच्या बाजूनं तर आपण मिनेसोटाच्या फार मागं नव्हतो. गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगीळांनी वाई तालुक्यातल्या शेतीधंद्याची पाहणी केली, ती १९४० मध्ये छापून आली. १९५४-५५ पासून तेव्हाच्या अहमदनगर आणि नाशिक जिल्ह्यांत शेतीखर्चाचा मोठा अभ्यास झाला. त्यात गावातच राहणारा माणूस शेतकऱ्याच्या रोजच्या नोंदी घ्यायचा. हमीभावाच्या चर्चेत आज आपण जो उत्पादन खर्च म्हणतो, त्याची मुळं अशा कामात आहेत.

म्हणजे शेतकऱ्याच्या घरातला हिशेब सरकारनं सत्तर वर्षांपूर्वीच उघडा केला. बैलाचा तास, बायकोची मजुरी, सगळं वहीत. धुराड्याच्या आतला हिशेब मात्र तसा उघडा झालेला नाही.

हेच गाडगीळ पुढं विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरेच्या कारखान्यात उतरले, पहिले अध्यक्ष झाले. खर्च मोजण्यात आयुष्य घालवलेला माणूस महाराष्ट्रातल्या पहिल्या सहकारी साखर कारखान्याच्या खुर्चीवर होता, हे मला योगायोग वाटत नाही. सहकारी कारखान्यात मालक कोण? सभासद. मग आतला हिशेब कुणासाठी? मालकासाठी. व्याख्येनंच. तरीही दरवर्षी अहवालातून सभासदाच्या हातात काय पडतं? ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक, म्हणजे बाहेरच्याचा हिशेब. मालकाला गिऱ्हाईकाच्या रांगेत उभं केलंय आणि त्याला ते कळलेलंही नाही.

कायद्याचा आधार घ्यावा तर तोही तोकडा. १९६५ च्या दुरुस्तीनं काही उद्योगांतल्या कंपन्यांना खर्चाच्या नोंदी ठेवायला लावता येऊ लागलं. पण कॉस्ट ऑडिटचा अहवाल जातो सरकारकडे. आणि आपला सहकारी कारखाना ही मुळात कंपनीच नाही.

२०२५-२६ हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. ती वजावट कोणत्या हिशेबानं निघाली, लांबून आणलेल्या उसाचं भाडं जवळच्याच्या बिलातून जातं का, हा सरळ सरळ मॅनेजरियल अकाउंटिंगचा प्रश्न आहे. एफआरपीच्या वर शंभर-दोनशे देता येतील की नाही, हे टनामागच्या प्रक्रिया खर्चावर, व्याजावर आणि कारखाना किती दिवस पूर्ण क्षमतेनं चालला यावर ठरतं. पूर्ण न चालणाऱ्या कारखान्याचे पगार आणि व्याज कमी टनांवर बसतात. पापडाचंच गणित, फक्त शून्यं जास्त. 'यंदा परवडत नाही' असं सभेत सांगितलं जातं तेव्हा कोणत्या आकड्यावर परवडत नाही, हे विचारणारा एखादा तरी हवा. आणि असा पोरगा आता बहुतेक उसवाल्याच्या घरात आहे. बी.कॉम. झालाय, कॉस्टिंगचा पेपर पास आहे, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसलाय. त्यानं पेपरात सोडवलेलं उदाहरण कुठल्या तरी 'एक्स लिमिटेड'चं होतं. घरातला अहवाल कपाटावर धूळ खात पडलाय.

सहकार कायद्यानं वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायला हवी. ज्यांच्याकडे गेल्या तीन वर्षांचे अहवाल आहेत त्यांनी गाळप, उतारा, तोडणी-वाहतूक, पगार आणि व्याज एवढ्या पाच आकड्यांची पानं मोबाईलवर फोटो काढून मला पाठवा. कोणताही कारखाना चालेल. टनामागे भागून मांडतो, पुढच्या पोस्टमध्ये.